दाजींचे पित्त



गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे हृदयविकाराविषयी आहेत. एक भगिनी विचारतात, मिस्टरांना झटका येऊन गेला, आता त्यांना कामावर पाठवावे की नाही? एक तरुण लिहितो, वडिलांना जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील असे डॉक्टर म्हणतात, हे खरे की दुकानदारी? आणि एका वयस्कर बंधूंनी तर आमची कानउघाडणीच केली आहे. हार्टचे दुखणे हे बसून खाणाऱ्यांचे, घाम गाळणाऱ्याला ते होत नाही, तेव्हा या विषयावर जागा वाया घालवू नका, असे ते बजावतात. त्यांचा आम्हाला राग नाही. २०१६ सालापर्यंत आमचेही मत काही निराळे नव्हते. ते कसे बदलले तेच आधी सांगतो.

आमच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे यजमान बाजारात माथाडी होते. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणत असू. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, असे दिवसभर. हातापायाने काटक, फक्त पोट थोडे पुढे आलेले. त्यावरून आम्ही त्यांची थट्टाही करीत असू. वय ४९. गालात तंबाखूचा बार कायम. डॉक्टरची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती आणि याचा त्यांना अभिमान होता.

२०१६ च्या मे महिन्यात पुतणीच्या हळदीला सगळे नातेवाईक जमलो होतो. मटणाची जेवणे झाली. रात्री साडेअकराच्या सुमारास दाजी मांडवाच्या खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, छातीत जळजळतंय, कुणी बसल्यासारखं जड वाटतंय. कपाळावर घाम डवरला होता. पण मे महिना, त्यात मांडवातली गर्दी, घाम कोणाला नव्हता? आम्हीच म्हणालो, "दाजी, पित्त आहे ते. रस्सा झणझणीत होता." लिंबू पिळून सोड्याचा ग्लास आम्हीच आमच्या हाताने करून दिला. त्यांना एक ढेकर आली, जरा बरे वाटले असे ते म्हणाले. कोणी पाठीला बाम चोळला. आक्का म्हणाली, ह्यांचा डावा हात पण दुखतोय. त्यावर एक पाहुणे म्हणाले, पोती उचलणाऱ्याचा हात दुखणार नाही तर काय? सगळे हसले. दाजीसुद्धा हसले.

पहाटे चार वाजता आक्काची हाक आली. रिक्षा शोधण्यात अर्धा तास गेला. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेले, तेथे ई.सी.जी. काढायला माणूस नव्हता. मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. तेथील तरुण डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि विचारले, दुखायला केव्हा लागले? आम्ही सांगितले, रात्री साडेअकराला. ते आमच्याकडे पाहत राहिले, बोलले काही नाहीत. सात वाजता दाजी गेले. मांडवापासून ते रुग्णालय रिक्षाने वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. १०८ ची मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, तो नंबर आम्हाला पाठ होता. तरी पित्तासाठी कोणी रुग्णवाहिका बोलावते का?

दिवसकार्य उरकल्यावर आक्काने एक गोष्ट सांगितली. महिनाभर आधीपासून दाजी घराचा जिना चढताना मध्येच थांबत. छाती भरून येते म्हणत, दोन मिनिटे उभे राहिले की बरे वाटे, मग वर येत. चालताना किंवा ओझे उचलताना छातीत दुखणे आणि थांबल्यावर ते थांबणे, ही झटक्याच्या आधी मिळणारी सूचना असते. सर्वांनाच ती मिळते असे नाही. दाजींना मिळाली होती. आमच्यापैकी कोणाला ती वाचता आली नाही.

छातीत नेमके काय घडते

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा स्नायू. दिवसाला सुमारे एक लाख वेळा तो आकुंचन पावतो आणि सगळ्या अंगाला रक्त पुरवितो. पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याच्याच पृष्ठभागावरून जाणाऱ्या बारीक रोहिण्यांमधून येते. या रोहिण्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचे थर साचतात. नळाच्या पाइपात क्षार साचतात तसेच हे, असे पुष्कळजण समजतात, पण ते पुरतेसे बरोबर नाही. पाइप हळूहळू बुजत जातो. इथे बहुतेक वेळा चरबीच्या थरावरचे पातळ आवरण एकाएकी फाटते, त्या जखमेवर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत रस्ता बंद होतो. म्हणूनच काल पोती उचलणारा माणूस आज जातो. पुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. तो एकदम मरत नाही, तासातासाने मरतो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर तितका स्नायू वाचतो. पहिल्या दोन-तीन तासांत जे साधते ते सहा तासांनी साधत नाही, आणि बारा तासांनंतर त्या इंजेक्शनचा फारसा उपयोगच उरत नाही. आमचे सहा तास सोड्यात आणि बामात गेले.

मग पित्त आणि झटका यांतला फरक घरी कसा ओळखावा? खरे उत्तर असे की घरी तो खात्रीने ओळखता येत नाही. डॉक्टरांनाही ई.सी.जी. लागतो, आणि पहिली पट्टी चांगली आली तरी थोड्या वेळाने ती पुन्हा काढावी लागते, रक्त तपासावे लागते. ढेकर आल्यावर बरे वाटले याला काही अर्थ नाही, ते दाजींनाही वाटले होते. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे, ते जबड्याकडे, खांद्याकडे, हाताकडे किंवा पाठीकडे जाणारे, जोडीला थंड घाम, मळमळ किंवा दम, आणि दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारे, असे असेल तर ते हृदयाचे आहे असेच धरून चालावे. ई.सी.जी. चांगला निघाला आणि लोक हसले, तर हसू द्यावे.

अशा वेळी माणसाला चालवू नये, जिना उतरवू नये. खुर्चीवर किंवा चादरीत घालून उचलावे. १०८ ला फोन लावावा, पलीकडून जे विचारतील त्याला नीट उत्तर द्यावे आणि ॲस्पिरिन देऊ का हे त्यांनाच विचारावे. ॲस्पिरिनची ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची मात्रा चावून खायला देतात, मात्र पोटात रक्तस्राव होत असेल, त्या औषधाची ॲलर्जी असेल किंवा तोंड वाकडे झाले असेल तर देऊ नये. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी शेजाऱ्याच्या डब्यातून आणून देऊ नये. रक्तदाब आधीच उतरलेला असला तर ती माणसाला आडवे करते. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्याने ती बसून घ्यावी. आणि खोकत राहा म्हणजे झटका टळतो, असा जो संदेश मोबाइलवर फिरतो त्यावर विश्वास ठेवू नये.

माणूस बेशुद्ध पडला, श्वास थांबला किंवा नुसते आचके देऊ लागला तर कांदा हुंगविण्यात आणि पाणी पाजण्यात वेळ घालवू नये. त्याला कडक जमिनीवर उताणे निजवावे, छातीच्या मध्यभागी एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवावा, कोपरे ताठ ठेवून दोन इंच खोल दाबावे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. एकाचे हात भरून आले की दुसऱ्याने घ्यावे. फासळी मोडेल अशी भीती वाटते. मोडलेली फासळी सांधते.

बसून खाणाऱ्यांचा रोग?

आता त्या वयस्कर बंधूंच्या प्रश्नाकडे येतो. २००४ साली 'इंटरहार्ट' या नावाने एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. केरळात जन्मलेले डॉ. सलीम युसूफ त्याचे प्रमुख होते. ५२ देशांतील रुग्ण त्यात तपासले गेले. पहिल्या झटक्याचे ९० टक्के ओझे नऊ गोष्टींवर येते असे त्यात दिसले: तंबाखू, कोलेस्टेरॉलमधील बिघाड, रक्तदाब, मधुमेह, पोटावरची चरबी, मनावरचा ताण, भाजी-फळांची कमतरता, हालचालीची कमतरता आणि दारूसंबंधीच्या सवयी. यांतली एकही गोष्ट बंगल्यातच राहते असे नाही. ताण म्हणाल तर हातावर पोट असलेल्या माणसाइतका तो कोणाला? याच अभ्यासात असेही आढळले की, आपल्या दक्षिण आशियातील माणसांना पहिला झटका इतरांच्या मानाने पाच-सहा वर्षे आधी येतो.

दुसरी गोष्ट पुण्याची आहे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळांची तुलना इंग्लंडमधील बाळांशी केली. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तेथले ३.५ किलोचे. पण मांस आणि उंची जितकी कमी, तितकी चरबी मात्र कमी नव्हती. दिसायला हडकुळे, आतून चरबीचे. आई अर्धपोटी राहिली की बाळाचे शरीर पोटातच काटकसरीला लागते, आणि पुढे त्याच शरीराला मधुमेह व हृदयविकार लवकर गाठतात, असे त्यांचे म्हणणे आहे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली होती. त्या वेळी गर्भावस्थेच्या पहिल्या महिन्यांत असलेल्या मुलांना मोठेपणी हृदयविकार जास्त झाल्याचे तेथील डॉक्टरांनी नोंदविले आहे. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ झाला. खडी फोडायला गेलेल्या आपल्या आयांच्या पोटात जी पिढी होती ती आज पन्नाशीच्या पुढे आहे. तेव्हा हा खाऊन माजलेल्यांचाच रोग आहे असे म्हणण्याआधी आपण थोडे थांबावे. कंबरेचे माप हे वजनापेक्षा जास्त सांगते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर असू नये. हातपाय काटक्यांसारखे असले तरी हा नियम लागू. दाजींच्या पोटाची आम्ही थट्टा करीत होतो.

आणि पोती वाहणे म्हणजे व्यायाम नव्हे. ओझे उचलताना दम कोंडतो, रक्तदाब चढतो, वर विश्रांती आपल्या हातात नसते. त्याच माणसाने संध्याकाळी अर्धा तास मोकळ्या हाताने चालले तर त्याचा फायदा निराळा होतो. हे सांगणे सोपे आणि करणे कठीण, हे आम्ही जाणतो. बारा तासांची पाळी करून आलेल्याला चाला म्हणताना आमचीही जीभ अडखळते.

आक्काची मशेरी

तंबाखूवर भाषण करण्याचा आमचा विचार नाही, भाषणे पुष्कळ झाली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कोठे मिळतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. एवढेच सांगतो की धूर काढला नाही म्हणजे हृदय वाचले, हा समज चुकीचा आहे. 'इंटरहार्ट'मध्ये तंबाखू खाणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. आणि आपल्या घराघरांतून सकाळी तव्यावर भाजली जाणारी मशेरी ही तंबाखूच आहे. बाया तिला व्यसन समजत नाहीत, दात घासणे समजतात.

आक्का चार घरची धुणीभांडी करते. दाजी गेल्यावर तिची मशेरी दोन वेळांची चार वेळांवर गेली. २०२१ च्या डिसेंबरात एका सकाळी तिच्या पाठीत, दोन फऱ्यांच्या मध्ये दुखू लागले. दाढ दुखते म्हणाली, मळमळ होती, अंगात त्राण नव्हते. छातीत काहीच नव्हते. तिने पाणी भरले, मुलाचा डबा केला, भांडी घासली आणि मग पायरीवर बसली. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना झटका असा वेगळ्या वेषात येतो, आणि बाई तो काम संपेपर्यंत कोणाला सांगत नाही. पण या वेळी घरात आमचा भाचा होता. वडील गेले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याने सोडा केला नाही. १०८ ला फोन केला आणि मोटारसायकल असलेल्या मित्राला शिधापत्रिका आणायला पिटाळले. दोन तासांच्या आत आक्काची अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला होता.

खर्चाचे सांगायला हवे, कारण तेथेच आपली माणसे मागे सरतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झाली, २०१७ पासून ती या नावाने चालते. आक्काच्या वेळी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार होत. २०२४ पासून ती मर्यादा कुटुंबाला पाच लाखांपर्यंत नेण्यात आली व पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही त्यात घेण्यात आले. मात्र रुग्णालय योजनेत असले पाहिजे. दारातच 'आरोग्यमित्र' कोठे बसतात ते विचारावे. तातडीच्या वेळी कागदपत्रे मागाहून देता येतात, ती नाहीत म्हणून रुग्णाला घेऊन परत फिरू नये. कारखान्यात असाल तर ई.एस.आय.चे कार्ड आहेच. आणि स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली. त्याआधी लाखाच्या घरात विकला जाणारा औषधी लेपाचा स्टेंट त्या वेळी २९,६०० रुपयांवर आला. पुढे या मर्यादेत वेळोवेळी बदल होत गेले. बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागण्याचा आपल्याला हक्क आहे. तो मागताना आवाज चढविण्याची गरज नाही, खाली घालण्याचीही नाही.

घरी आल्यावर आक्काची पहिली लढाई मशेरीशी झाली. तिचे म्हणणे, मशेरी लावल्याशिवाय शौचाला होत नाही. यात तथ्य नाही असे नाही. निकोटीनने आतड्यांना चालना मिळते आणि शरीराला तीच सवय जडते. पहिला आठवडा डोके दुखणे, चिडचिड, सुनेवर राग. भाजलेला ओवा आणि बडीशेप चघळली, रात्री कोमट पाणी घेतले, भाकरीबरोबर पालेभाजी वाढविली. तिसऱ्या आठवड्यात निभावले. अधूनमधून शेजारणीकडे जाऊन बोट फिरवून येत होती हे आम्हाला नंतर कळले. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, भाच्याने स्वतःसाठी त्याचा उपयोग केला.

गोळ्यांचा डबा

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर. होय, बहुतेकांना बऱ्याचशा गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि ही दुकानदारी नव्हे. स्टेंट किंवा बायपासने एक अडलेली वाट मोकळी होते, रोग जात नाही. रक्त पातळ राखणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे एक. कोलेस्टेरॉल उतरविणारी एक, आणि हृदयाचा भार हलका करणाऱ्या एक-दोन. यांतल्या पहिल्या दोन मधेच बंद केल्या तर नव्या स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते, आणि तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या थांबवू नयेत. २०११ साली डॉ. युसूफ यांच्याच दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, आपल्यासारख्या गरीब देशांत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी ८० टक्के माणसे या मुख्य औषधांपैकी एकही घेत नव्हती. कारणे आपल्याला ठाऊक आहेत. बरे वाटते मग कशाला, हे एक. महिन्याचा खर्च, हे दुसरे. जनऔषधी केंद्रात हीच औषधे मूळ नावाने बऱ्याच कमी किमतीत मिळतात, सरकारी रुग्णालयात रांग लावली तर पुष्कळशी फुकट मिळतात. आक्काने सात खणांचा प्लॅस्टिकचा डबा आणला आहे. भाचा रविवारी तो भरतो. तिला अक्षरे लागत नाहीत, खण रिकामा की भरलेला एवढे दिसते.

ब्लॉकेज उघडणारा म्हणून जो आले-लसूण-लिंबू-मध-व्हिनेगरचा काढा सगळीकडे सांगितला जातो त्याविषयीही दोन पत्रांत विचारले आहे. लसूण खावा, त्याने कोणाचे बिघडत नाही. पण त्याने साचलेली चरबी विरघळते याला पुरावा नाही, आणि काढा सुरू करून गोळ्या बंद केलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

रक्तदाब हा या सगळ्यात मुका. डोके दुखले तरच बी.पी. वाढते हा गैरसमज आहे. १४०/९० च्या वर असूनही वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. वयाची तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तो मोजावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात, महानगरपालिकेच्या दवाखान्यात हे फुकट होते आणि ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्याही मिळतात. साखर त्याच वेळी तपासून घ्यावी. आमची मंडळाच्या तरुणांना एक सूचना आहे. जयंतीच्या वर्गणीतून डी.जे.वर जे जाते त्यातून दोन-अडीच हजारांचे एक चांगले बी.पी. यंत्र विहारात येऊन राहील. दर रविवारी कोणा शिकलेल्या मुलीने वहीत आकडे लिहून ठेवावेत. आमच्या वस्तीत हे चालू आहे. पहिल्याच रविवारी जे सापडले त्यात आम्हीही होतो.

खाण्याबाबत थोडेच सांगतो. माणशी दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे पाच माणसांच्या घरात महिन्याला पाऊण किलो, लोणचे-पापड धरून. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. घरी या महिन्याच्या पिशव्या मोजून पाहाव्यात. आमच्याकडे दुप्पट निघाल्या. ज्वारी-बाजरीची भाकरी, कुळीथ, मटकी, तांदुळजा, शेवगा हे आपलेच अन्न आहे, ते गरिबीची खूण म्हणून टाकून आपण पाव आणि फरसाणाकडे गेलो. सुकट-बोंबील गरम पाण्यात दोनदा धुऊन मग करावे, वर मीठ घालू नये. रविवारच्या मटणावर आमचा राग नाही, पण रस्सा गार करून वरचा तवंग काढून टाकावा. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा कढविणाऱ्या गाडीवरचा वडा आठवड्यातून एकदा पुरे.

मिस्टरांच्या कामाविषयी लिहिणाऱ्या भगिनींना असे सांगू. बहुतेकांना काही आठवड्यांत कामावर जाता येते, पण कोणते काम हे इको तपासणीतील हृदयाच्या आकुंचनाच्या आकड्यावर ठरते. तो ५५ च्या वर असला की बरे मानतात. आक्काचा ४० आहे. ती आता दोनच घरी जाते, आणि मोठ्या चादरी धूत नाही. मिस्टरांचे काम ओझ्याचे असेल तर डॉक्टरांकडून तसे लिहून घ्यावे आणि मुकादमाकडे हलके काम मागावे. त्यांना खाटेवर बसवून ठेवू नये. दिवसभर भिंतीकडे पाहणाऱ्या माणसाचे मन खचते आणि खचलेले मन गोळ्या चुकविते. पति-पत्नीच्या संबंधांविषयी कोणी विचारत नाही, पण भीती प्रत्येकाच्या मनात असते. दोन जिने न थांबता, न दुखता चढता येत असतील तर सहसा हरकत नसते. मात्र ज्यांना सॉर्बिट्रेटसारखी औषधे चालू आहेत त्यांनी शक्तीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या कधीही घेऊ नयेत, रक्तदाब एकदम कोसळतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, पायांवर सूज आली, रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्या हृदयरुग्णांनी तीन दिवसांच्या गोळ्या बरोबर ठेवाव्यात, आणि आजाराचे नाव, गोळ्यांची नावे व घरच्यांचा फोन लिहिलेली चिठ्ठी वरच्या खिशात ठेवावी. रांगेत छाती भरून आली तर संकोच न करता बाजूला बसावे, स्वयंसेवकांना सांगावे. आक्का गेल्या वेळी दादरला दोनदा बसली, आणि दर्शन घेऊनच परतली.

लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून पुढे हृदयाच्या झडपा खराब होतात त्या आजाराविषयी एका मातेने विचारले आहे. तो विषय निराळा आहे, त्यावर पुढील अंकी लिहू. तपासण्यांचे कागद पाठविणाऱ्यांनी मूळ प्रती पाठवू नयेत, झेरॉक्स पाठवावी.